जोसीच्या मावशीचा आवाज

बहरीनमध्ये नवा माणूस भेटला की आपल्याकडच्या लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. कुठल्या कंपनीत, व्हिसा कोणाचा, फॅमिली आणली का. उत्तरं मिळाली की माणूस कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते कळतं, मग चहा. जोसी आमच्या शाळेत आली त्या दिवशी मीही हेच विचारायला तोंड उघडलं होतं. तिने मला वेळच दिला नाही. स्टाफरूमच्या दारात सँडल काढले, अनवाणी आत आली, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मी जोसी. इंग्रजी शिकवायला आलेय. तुझं पाणी कुठलं?"

मी कूलरकडे बोट दाखवलं.

"ते नव्हे. लहानपणी कुठलं पाणी प्यायलीस?"

हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी गणिताची शिक्षिका, शिवाय शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे. वायफळ बोलायला मला सवड नसते. पण उत्तर आपोआप तोंडातून गेलं. "घरच्या बावीचं. कुडाळजवळ. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात."

"गोड?"

"गोड. मे महिन्यात तळाला जाते."

"मग ठीक," ती म्हणाली. इमिग्रेशनवाल्याने पासपोर्टवर शिक्का मारावा तशी. त्यानंतर तिने स्टाफरूममधल्या प्रत्येकाला तेच विचारलं. केरळच्या कुरियनसरांनी नदीचं नाव सांगितलं. एक इंग्रज बाई होत्या, त्यांना आठवेना, आणि त्या दिवसभर अस्वस्थ होत्या.

तिला आणायला प्रिन्सिपल स्वतः विमानतळावर गेले होते. ऑस्ट्रेलियाची बाई म्हणजे गोरी, असं गृहीत धरून ते सोनेरी केसांच्या बायका शोधत उभे राहिले. जोसी त्यांच्या शेजारीच बॅगेवर बसून होती. माझ्यापेक्षा सावळी, कुरळ्या दाट केसांची, लांब हातापायांची. "तो कोणाला शोधतोय ते मला कळलं होतं," ती नंतर म्हणाली. "पण कुठवर शोधतो ते बघायचं होतं."

ती ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरची. आईकडून त्या किनाऱ्याच्या मूळच्या लोकांतली, बाप मोत्यांच्या बोटींवर इंजिनं दुरुस्त करणारा. तिच्या आजोबांना पकडून नेऊन मोत्यांसाठी बुड्या मारायला लावलं होतं. हे ती आवाज न चढवता, न उतरवता सांगे. बहरीनलाच का आलीस, असं मी एकदा विचारलं. "मोत्यांचा दुसरा किनारा बघायचा होता," ती म्हणाली. पगाराचा आकडा हे कारण न सांगणारी माझ्या माहितीतली ती एकटीच.

आल्याच्या पहिल्या आठवड्यात तिने शाळेच्या बसचा ड्रायव्हर अबू जासिम याला विचारलं, इथलं सगळ्यात जुनं पाणी कुठलं. त्याने अदारीच्या झऱ्याचं नाव सांगितलं. मला ती सोबत घेऊन गेली. खजुरांच्या मधोमध हिरवट पाण्याचा मोठा कुंड, पोरं वरून उड्या मारताहेत. जोसीने काठावरचा एक खडा उचलला, काखेत घासला आणि पाण्यात टाकला. मग आपल्या आईच्या भाषेत काहीतरी बोलली.

"हे काय?" मी विचारलं.

"ओळख करून दिली. पाण्याला माझा वास कळला पाहिजे. नाहीतर ते विचारणार, ही कोण, न सांगता आली." मग माझ्याकडे वळून, "तू करून दिलीस ना ओळख?"

"मी रेसिडेन्स परमिट काढलंय," मी म्हटलं.

ती इतकी हसली की पाण्यातली पोरं थांबून बघायला लागली. अबू जासिमला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्याचा बाप मोत्यांच्या बोटीवर गाणारा होता. त्याने सांगितलं की इथे समुद्राच्या तळाशीही गोड्या पाण्याचे झरे आहेत, जुने लोक खाऱ्या पाण्यात बुडी मारून पखालीत गोडं पाणी भरून आणत. जोसीने त्याचा हात धरला. "आमच्याकडेही," ती म्हणाली. "अगदी असंच. ओहोटीला दिसतं." दोघंही इतक्या घाईने बोलायला लागले, तो अरबीत, ती इंग्रजीत, की मी मध्ये दुभाषी व्हायचा नाद सोडला. त्यांचं चाललं होतं ते ठीकच होतं.

तिचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. मध्ये प्लायवूडची भिंत. माझ्याकडे बीजगणित चाले आणि पलीकडून कविता ऐकू येई. सुरुवातीला मी भिंतीवर डस्टर आपटायची. नंतर माझीच मुलं म्हणायला लागली, "मॅडम, एक मिनिट, संपू दे."

पाठ्यपुस्तकात ऑस्ट्रेलियाच्या दोन कविता होत्या. पहिली तिने वाचून दाखवली आणि मुलांना म्हणाली, "हा माणूस बोटीतून उतरला आणि त्याने काय काय नाही त्याची यादी केली. हिरवळ नाही, ओढा नाही, चर्चची घंटा नाही. जे नाही त्यावर त्याने चोवीस ओळी लिहिल्या. जे आहे त्याच्यावर किती?" मुलांनी मोजलं. एकही नाही. दुसरी कविता त्याच्या नातवंडांच्या पिढीतल्या कोणाची तरी. तिच्यात झाडांची नावं होती, धुळीचा रंग होता, मेंढ्यांनी उघडं केलेलं रान होतं. "याला आता दिसायला लागलं," ती म्हणाली. "दोन पिढ्या गेल्या त्याला. आणि या दोघांच्या आधीपासून माझ्या आईचे लोक तोच रस्ता गात होते. दगडागणिक एक ओळ. गाणं चुकलं तर रस्ता चुकतो, रस्ता चुकला तर पाणी चुकतं."

"मिस, मग गाणं म्हणजे मॅप?" हा तिच्या वर्गातल्या, कानेकरांच्या शुभदाचा आवाज.

"मॅप घरी विसरता येतो," जोसी म्हणाली.

मी खडू खाली ठेवला. खरं सांगते, इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मला अंगावर रोमांच यायची सवय नव्हती. पण ही सरळ गणिताची गोष्ट होती. अंतर आणि वेळ. मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. "म्हणजे गाण्याची लांबी आणि चालायची लांबी यांचं प्रमाण असतं?"

"चालून बघ," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने मुलांना दक्षिणेच्या वाळवंटात नेलं. मी वेळापत्रकात दोन तास काढून दिले आणि मागोमाग बसमध्ये चढले. तिथे उतरल्यावर मुलं म्हणाली, "मिस, इथे काहीच नाही." तिने एका बाभळीसारख्या काटेरी झाडाच्या सावलीत सगळ्यांना बसवलं, बूट काढायला लावले. "प्रत्येकाला एक गोष्ट सापडेपर्यंत कोणी उठायचं नाही. दुसऱ्याची चालणार नाही." पहिल्यांदा कुरकुर. मग एकाला मुंग्यांची वाट दिसली. एकीला वाळूवर वाऱ्याने काढलेल्या वळ्या, धोबी साडीच्या काढतो तशा. एकाने सांगितलं की दूरच्या तेलविहिरीचा आवाज जमिनीतून पायाला लागतो. मी माझे बूट काढले. लागत होता.

परत येताना बसमध्ये शुभदा जोसीला म्हणाली, "मिस, सगळे विचारतात तू कुठली. मी म्हणते मालवण. पण तिथे मी सुट्टीत जाते फक्त. तिथलं पाणी प्यायलं की माझं पोट बिघडतं. मग माझं पाणी कुठलं?"

बसमधल्या प्रत्येक पोराचा तोच प्रश्न होता. जोसीने विचारलं, "घरी कुठलं पितेस?"

"गॅलनचं. गोड्या पाण्याचा माणूस आणून देतो."

"तो कुठून आणतो?"

शुभदाला माहीत नव्हतं. अबू जासिमने आरशातून बघत सांगितलं, "तहतुल अर्द." जमिनीखालून.

"झालं तर," जोसी म्हणाली. "तुझं पाणी तुझ्या पायाखाली आहे. व्हिसा कुठलाही असो."

तिथून ते सुरू झालं. वर्गाने शाळेच्या फाटकापासून अदारीपर्यंतचं गाणं रचायला घेतलं. चालता चालता, वळणावळणाला. बेकरीची ओळ होती, तिथे गरम खुबुझचा, इथल्या रोटीचा, वास येई. मशिदीची होती, अलीच्या कोल्ड स्टोअरची होती, जिथून पोरं बर्फाच्या कांड्या घेत. रस्ता खणून ठेवलेली एक जागा होती, तिथे गाण्यातही लय तोडून उडी मारावी लागे. इंग्रजी, अरबी, मल्याळी, मराठी, ज्या पोराला जी भाषा आली तिची ओळ. मी मागून घड्याळ धरून चालत असे. गाणं रस्त्यापेक्षा लांब झालं की जोसी म्हणे, "सुला, किती?" मी सांगे, आणि ती एखादी ओळ काढून टाके. आपल्याला एवढी मजा येते आहे हे मी तेव्हा घरी सांगितलं नाही. नवऱ्याने नुसतं म्हटलं होतं, "हल्ली चप्पल फार झिजते तुझी."

वार्षिक कार्यक्रमात हेच गाणं करायचं ठरलं. त्याच्या आधी दोन मिनिटं जोसीच्या मावशीची कॅसेट लावायची, म्हणजे लोकांना कळेल की हे कुठून आलं.

मावशीबद्दल सांगायला हवं. त्यांच्यात आईच्या बहिणीला आईच म्हणतात. ही मावशी त्यांच्या घराण्यात गाणी सांभाळणारी. जोसी सुट्टीत घरी गेली तेव्हा बहरीनच्या समुद्राखालच्या गोड्या पाण्याची गोष्ट तिने मावशीला सांगितली.  दुसऱ्या दिवशी मावशीने टेपरेकॉर्डर मागितला आणि त्यांच्याकडच्या तशाच झऱ्याचं गाणं म्हटलं. लहान मुलांनी ऐकायला चालतं असं. सोबत दोन बूमरँग एकमेकांवर आपटायचा ठेका, बाकी वाद्य नाही. "तिथल्या मुलांना ऐकव," ती म्हणाली, "पण तुझ्या वर्गापुरतं. हे हातोहात फिरायचं गाणं नाही. ज्या पाण्याचं आहे त्या पाण्याला विचारल्याशिवाय ते फिरत नाही." जोसीने शब्द दिला. कार्यक्रमात दोन मिनिटं लावण्यासाठीही तिने घरी फोन करून वेगळी परवानगी घेतली होती.

मी ती कॅसेट भिंतीपलीकडून ऐकली. म्हाताऱ्या बाईचा आवाज, जराही गोड नाही. खरखरीत, खाली उतरत जाणारा, तळाला गेला की पुन्हा वरून सुरू. आमच्या बावीवर रहाट फिरे तसा. सहामाहीचे पेपर तपासत होते, ते तसेच राहिले.

आता कानेकर. शुभदाचे वडील, एका इलेक्ट्रिकल कंपनीत सुपरवायझर, आणि आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. माईक, स्पीकर, वायरी हे त्यांचं खातं. मदत करायला इतके उत्सुक की मदतीपासून वाचणं कठीण. शाळेचा कार्यक्रम म्हटल्यावर त्यांनी साइटवरून एक लांबलचक पीव्हीसी पाइप आणला, त्याला तपकिरी रंग दिला, वर पांढरे ठिपके काढले आणि जोसीपुढे धरला. "मॅडम, तुमचं वाद्य. ते घुमतं ना, भों करून."

जोसीने पाइप हातात घेतला, ठिपके नीट बघितले. "छान रंगवलंय. पण आमचं नाही. ते पार दुसऱ्या लोकांचं, खूप लांब उत्तरेकडचं. मी ते वाजवलं तर ते मला हसतील आणि माझे लोक मला मारतील."

"पण ऑस्ट्रेलिया म्हटलं की..."

मी म्हटलं, "कानेकर, मागच्या वर्षी कंपनीच्या पार्टीत तुमच्या साहेबाने तुम्हाला भांगडा करायला सांगितला होता. आठवतंय?"

"केला होता मी," कानेकर म्हणाले.

"माहीत आहे. आम्ही बघितला."

पाइप पुढे त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला लागला.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात, आवाजाची पातळी बघायला म्हणून जोसीने त्यांना ती कॅसेट एका संध्याकाळपुरती दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. इथपर्यंत सगळं ठीक.

त्या गुरुवारी, दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी म्हणून, अर्धी शाळा होती. शेवटचा तास चालू असताना ऑफिसात जोसीसाठी फोन आला. ती परत आली ती स्वतःच्या वर्गात न जाता माझ्या दारात उभी राहिली. मुलांसमोरच म्हणाली, "ती गेली."

मी बाहेर आले. तिने मला तिथेच, व्हरांड्यात, नियम सांगितले. कोणीतरी ते सांगायला लागतातच. "आता तिचं नाव कोणी घ्यायचं नाही. तिचा आवाज कोणी ऐकायचा नाही. घरचे मोकळं करतील तेव्हाच."

"किती दिवस?"

"दिवस नसतात. वर्षं लागतील. मी शनिवारी निघते. माती व्हायला वेळ आहे, लोक लांबून येतील. तिथे पोचले की मावश्या पहिला प्रश्न विचारतील, आवाज कुठे आहे. मी म्हणेन, माझ्याजवळ, पिशवीत. मगच मला त्यांच्यात बसता येईल."

"कॅसेट आहे ना जवळ?"

"आहे." तिने पिशवीवर थाप मारली.

तेवढ्यात कानेकर जिना चढून आले. ते माईक बसवायला आले होते, खाली ऑफिसात त्यांना कळलं की जोसीला गावी जावं लागतंय; ओरिजिनल ती घेऊन जाणार हे त्यांनीच धरलं. चेहरा काळजीचा, पण आतून सोडवणूक केल्याचा आनंद. "मॅडम, व्हेरी सॅड. पण प्रोग्रामचं टेन्शन मफी, बिलकुल नाही. कॉपी आहेत. डबल डेकवर मी सगळ्या पोरांना काढून दिल्यात, घरी प्रॅक्टिस करायला."

इथल्या आमच्या लोकांना ओळखणाऱ्याला हे सांगायला नको. आखातातल्या घरात एक कॅसेट शिरली की ती एकटी बाहेर पडत नाही. भजनं असोत, नाटक असो, नाहीतर गावाहून आलेला आईचा बोललेला निरोप असो, शेजाऱ्याला त्याची प्रत गेलीच पाहिजे. ज्याच्याकडे डबल डेक तो दानशूर. कानेकरांनी आयुष्यभर केलं तेच केलं होतं.

जोसी व्हरांड्याच्या फरशीवर बसली. रडली नाही. "आज संध्याकाळी," ती म्हणाली, "कुणाच्या तरी बैठकीत ती गाणार. पाहुणे असतील. कोणी म्हणेल, आवाज वाढव."

कानेकरांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "म्हणजे मी..."

"कानेकर," मी म्हटलं, "नंतर. कोणाकोणाला दिल्या तेवढं सांगा."

वेळापत्रक लावणाऱ्या बाईचा उपयोग अशा वेळी असतो. कोण कुठे राहतं, कोणाची आई कामाला जाते, कोण गुरुवारी दुपारी झोपतं, मला सगळं पाठ होतं. अबू जासिमला बस काढायला लावली. तो घरी निघाला होता. तो म्हणाला, "यल्ला." चला.

आधी ज्यांच्या दप्तरातच कॅसेट होती ती पोरं वर्गात धरली. मग घरं. सनाबिसमध्ये तिसऱ्या मजल्यावर एका घराचं दार उघडलं तेव्हा आतून गाणं ऐकू येत होतं. जोसी जिन्यातच भिंतीला टेकली, कान हातांनी दाबून. मी आत शिरले, टेप बंद केला, कॅसेट बाहेर काढली आणि मग घरच्या बाईंना नमस्कार केला. दुसऱ्या घरी कॅसेटवर अर्धं गाणं आणि पुढे क्रिकेटची कॉमेंट्री होती, पोराने वरून टेप केलेली. सलमानियाला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एका नर्सबाईंची ड्यूटी चालू, घराला कुलूप. कानेकर धावत वॉर्डात गेले आणि किल्ली घेऊन आले. येताना म्हणाले, "त्यांना वाटलं नवरा अॅडमिट झाला." बसमध्ये जोसीच्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. एकेक कॅसेट त्यात पडे आणि अबू जासिम आरशात बघून बोटांनी मोजे. आम्हा चौघांना घाम फुटला होता, दुपार टळत आली होती, आणि मला, हे लिहायला हरकत नाही, शाळेत असताना लंगडीत राज्य घेतल्यासारखं वाटत होतं.

शेवटी डबा बंद करताना कानेकर म्हणाले, "अजून एक आहे."

"कुठे?"

"आईला पाठवलीय. शुभदाने सुरुवातीला दोन शब्द बोललेत, आजी कशी आहेस म्हणून, मग ते गाणं. सावंत घेऊन चाललाय. ट्रक चालवतो तो, आमच्या गावचा." त्यांनी घड्याळ बघितलं. "आज संध्याकाळच्या विमानाने."

अबू जासिमने पुलावरून मुहर्रककडे बस अशी नेली की मी पुढच्या सीटच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून होते. विमानतळावर मुंबईच्या रांगेत माणसांपेक्षा खोकी जास्त. प्रत्येक खोक्याला नायलॉनची दोरी, वर नाव आणि गाव रंगाने लिहिलेलं. सावंत रांगेत अगदी पुढे पोचला होता. दोन वर्षांनी घरी निघालेला माणूस, नवी पॅंट, नवं घड्याळ. त्याचं खोकं वजनाच्या काट्यावर चढायच्या बेतात होतं.

"सावंत," कानेकर धापा टाकत म्हणाले, "आईची कॅसेट परत दे."

"ती खोक्यात तळाक हा," सावंत म्हणाला. "वर ब्लँकेटा, दूध पावडर, टँग, सगळा बांधून झाला. दोरी सोडली तर परत बांधूक येवची नाय. विमान चुकात माझा."

कानेकर मशीन, परवानगी, प्रॉब्लेम असं काहीतरी सांगायला लागले. मागची रांग कुरकुरली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "भाई, जल्दी." जोसी डबा छातीशी धरून उभी होती.  सावंतने तिच्याकडे बघितलं, तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं, आणि मला विचारलं, "ह्या कोण?"

मी कानेकरांना बाजूला केलं. "त्या कॅसेटवर आवाज आहे तो हिच्या मावशीचा. मावशी आज गेली. हिला सुतक आहे. सुतकात तिचा आवाज कोणी ऐकायचा नसतो त्यांच्यात."

 सावंतने खोकं रांगेतून बाहेर ओढलं, गुडघ्यावर बसला आणि दाताने गाठ सोडवायला लागला.

"सुतक हा, तां आधी सांगूचा नाय?" तो म्हणाला. "कानेकरानु, तुमी मशीन मशीन काय करतास?"

ब्लँकेटं बाहेर आली, पावडरचे डबे बाहेर आले, बायकोच्या साड्या, पोरांचे बूट, टॉर्च. मागच्या रांगेतल्या दोघांनी ते सगळं हातात धरून ठेवलं. तळातून कॅसेट निघाली. सावंतने ती दोन्ही हातांनी जोसीला दिली. "तिका सांगा," तो मला म्हणाला, "आमच्याकडे पण दिवस होयसर रेडिओ लावणत नाय."

मी सांगितलं. जोसीने त्याला विचारलं, "तुझं पाणी कुठलं?"

मी ते मालवणीत केलं. सावंत विमान, काटा, सगळं विसरला. "आमच्या परसातली बाव," तो म्हणाला. "दोन वर्षां झाली प्यायलंय नाय. परवा पितलंय."

खोकं परत आम्ही सगळ्यांनी मिळून बांधलं. अबू जासिमने शेवटची गाठ मारली. बापाकडून शिकलेली, बोटीवरची. ती काही सुटणार नव्हती. विमान सावंतला मिळालं.

परत येताना कानेकर हळूच म्हणाले, "मॅडम, पुसून टाकू या का सगळ्या? माझ्याकडे मशीन आहे."

"नको," जोसी म्हणाली. "तुला किंवा मला पुसायचा हक्क नाही. हे घरचे ठरवतील."

शनिवारी सकाळी मी तिला सोडायला गेले. वाटेत तिने अदारीला बस थांबवायला लावली. पाणी तेव्हा पहिल्यापेक्षा बरंच खाली गेलं होतं, वरच्या पायऱ्या कोरड्या होत्या. ती सँडल हातात घेऊन खाली उतरली, पाण्याशी बोलली. पहिल्यांदा आली तेव्हा जितकं बोलली होती त्यापेक्षा जास्त. मी वरून घड्याळ दाखवत होते. वर आल्यावर म्हणाली, "मुलांना सांग, टेपची गरजच नव्हती. त्यांचा रस्ता त्यांच्याजवळ आहे."

विमानतळावर बॅग तिने सामानात दिली, डबा नाही दिला. काचेपलीकडे गेली तेव्हा सँडल अजून तिच्या बोटाला लटकत होते, डबा दोन्ही हातांत. मागे वळून तिने हात हलवला नाही, हात मोकळे नव्हते. हनुवटीने मला दाराकडे खूण केली, जा, वर्ग वाट बघतोय.

कार्यक्रम झाला. टेपच्या जागी दोन मिनिटं पडदा उघडा आणि रंगमंच रिकामा ठेवला. मग मुलांनी गात गात शाळेपासून झऱ्यापर्यंतचा रस्ता चालून दाखवला. अलीच्या कोल्ड स्टोअरच्या ओळीला आईबाप खुर्च्यांतून पुढे सरकले. खड्ड्याच्या जागी सगळ्या मुलांनी एकदम उडी मारली तेव्हा मागे उभा अबू जासिम मोठ्याने हसला, कारण तो खड्डा बुजून गेला होता आणि आता फक्त गाण्यात उरला होता.

जोसी परत येणार होती. मग तिच्या आईची तब्येत, मग तिथल्याच शाळेत नोकरी, आणि राहिली तिकडेच. माझ्याकडे तिची जागा भरणारी बाई आली. चांगली होती. तिने पाणी विचारलं नाही. मीच तिला विचारलं.

बरीच वर्षं गेली. अबू जासिमला हमद टाउनमध्ये घर मिळालं, शुभदा कॉलेजला गेली. शाळेच्या ऑफिसात एकदा दुपारी माझ्यासाठी फोन आला. खरखर, मग जोसीचा आवाज, कालच भेटल्यासारखा. "सुला, घरच्यांनी मोकळं केलं. ऐक." आणि तिने मावशीचं नाव घेतलं. ती गेल्यापासून आमच्यापैकी कोणी ते उच्चारलं नव्हतं, शुभदानेसुद्धा नाही. मग फोनजवळ टेप लावला असणार. बूमरँगचा ठेका आला, आणि तो खरखरीत आवाज, वरून खाली उतरत, तळाला जात, पुन्हा वरून. कानेकर ऑफिसात फॅनची वायर बघायला आले होते. मी त्यांना बोलावलं. रिसीव्हर मध्ये धरून आम्ही दोघं उभे होतो, गाणं संपेपर्यंत.

फोन ठेवल्यावर कानेकरांनी रिसीव्हर नीट बसलाय ना ते बघितलं. मग सवयीने विचारलं, "टेप केलंत का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं केलंत," ते म्हणाले, आणि शिडीवर चढले.